दार लावून घेता येईल अशी जागा

रात्री साडेनऊनंतर आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलं, की दोन-तीन गाड्यांमध्ये माणसं नुसती बसलेली दिसतात. इंजिन बंद, काचा वर, फोन स्टेअरिंगला टेकवलेला आणि त्याच्या उजेडात एक चेहरा. तळघरात सगळीकडे रेंज मिळत नाही; रॅम्पच्या तोंडाशी ज्या पाच-सहा जागा आहेत तिथेच व्हिडिओ नीट चालतो. म्हणून त्या जागांच्या मालकांकडे "तासभर तुमच्या जागेवर गाडी लावू का?" अशी विचारणा होत असते आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही. काहींचे ऑफिसचे कॉल चाललेले असतात, काहींची घरच्यांच्या कानावर जाऊ नयेत अशी पैशाअडक्याची नाहीतर प्रेमाची बोलणी. आणि काही जण आपल्या थेरपिस्टशी बोलत असतात. हे मी खात्रीने सांगते, कारण त्यातली एक गाडी माझी असते आणि आत माझा भाचा असतो.

त्याच्या परवानगीने लिहिते आहे. काय लिहायचं नाही तेही त्याने सांगितलं आहे आणि ते मी पाळणार आहे.

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधी ते मुळशी तालुक्यातलं गाव होतं: नृसिंहाचं देऊळ, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत. हाकेच्या अंतरावर हिंजवडी, दुसऱ्या बाजूला भोसरी आणि चाकण, मध्ये इंजिनिअरिंगची आणि मॅनेजमेंटची कॉलेजं. इथे कुणी पिढ्यान्‌पिढ्या राहत नाही, गावठाणातली जुनी घरं सोडली तर. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि चार जिल्ह्यांतली माणसं. कुणी सकाळी सातला बस पकडतं, कुणी त्याच वेळी रात्रपाळी संपवून लिफ्टमध्ये शिरतं. गाव सोडताना ज्यांच्याकडे मन मोकळं करायचं ती सगळी माणसं मागे राहिली, आणि इथे जी भेटली त्यांच्याशी ओळख गेटवरची.

घरात तरी बोलावं म्हटलं, तर घर कसं असतं? दोन बेडरूम. एकीत नवरा-बायको आणि लेकरू, दुसरीत आईवडील. हॉलमध्ये टीव्ही. नोकरी करणारी तीन पोरं एकत्र राहत असतील तर एका खोलीत दोन गाद्या. अशा घरात खोलीचं दार आतून लावणं हीच एक घोषणा असते. पाच मिनिटांत कुणीतरी टकटक करतं: "काय झालं रे? बरं नाही का वाटत?" प्रेमापोटीच करतं. पण ज्याला नेमकं 'बरं नाही वाटत' एवढंच कुणाला तरी नीट सांगायचं आहे, त्याचा तास तिथे मोडतो.

जुन्या मुळशीत बायकांनी मन मोकळं करायची जागा आपल्यापुरती शोधून काढली होती. पहाटे जात्यावर बसायचं आणि दळता दळता गायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळातल्या खेड्यांमधून आणि पुढे महाराष्ट्रभरातून या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर आहे. त्यात भक्ती आहे, भावाची वाट पाहणं आहे. आणि सासरचा जाच, मारहाण, मेलेलं मूल, परत कधीच न दिसलेलं माहेर हेही आहे. जे दिवसाउजेडी कुणासमोर बोलता आलं नसतं ते बायका जात्याला सांगत होत्या. घर झोपलेलं असे, जात्याच्या घरघरीत शब्द विरून जात, आणि समोर बसून खुंटा धरणारी दुसरी बाई असेल तर ती ऐकत असे. दळणाचं निमित्त असल्यामुळे 'इथे का बसली आहेस' असं विचारायची सोय नव्हती. गिरण्या आल्या, हाताला आलेले घट्टे गेले, ते चांगलंच झालं. पण त्या तासाच्या बदली दुसरं काही कुणी दिलं नाही.

माझा भाचा सत्तावीस वर्षांचा. बार्शीचा. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, पाळ्या बदलत्या. भूमकर चौकातून कंपनीची बस. माझ्याकडे राहायला आला तेव्हा ताटातला शेवटचा घास संपेपर्यंत बडबडणारा मुलगा होता. मग हळूहळू बोलणं कमी झालं. रात्रपाळी नसली तरी झोप लागेना. बस चुकायला लागली. दाढी वाढली, तीही स्टाइल म्हणून नाही. गावाकडच्या मित्रांचे फोन वाजत राहायचे आणि तो स्क्रीनकडे बघत बसायचा. एका दुपारी मी कोथिंबीर निवडत होते, तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, मला काहीच वाटत नाही गं. वाईटसुद्धा वाटत नाही."

त्याची आई, म्हणजे माझी ताई, म्हणाली, "अगं, स्थळं बघायला घेऊ, सगळं मार्गी लागेल." भावजींनी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये म्हणून सुचवलं. त्याच्या मित्राने जिमचे पैसे भरायची तयारी दाखवली. हे सगळे त्याच्यावर जीव असलेले लोक, आणि प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेलं औषध पुढे केलं. थेरपिस्टचं नाव कुणी काढलं नाही, कारण कुणाच्या ओळखीत तो नव्हता. दाताचा डॉक्टर प्रत्येकाला माहीत असतो, चष्म्याचं दुकान माहीत असतं. मनाचं कुणाकडे न्यायचं हे आपण एकमेकांना सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक घराला सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली निमहान्स या संस्थेने बारा राज्यांत केलं. मानसिक आजार असलेल्यांपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते, असं त्यात दिसलं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. ही दरी डॉक्टर कमी असल्यामुळे आहे, लाजेमुळे आहे, पैशामुळे आहे. पण आणखी एक कारण आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: शोधाशोध करायचं बळ आजारी माणसाकडे मागितलं जातं. ज्याला अंघोळीला उठणं जड जातं आहे त्याने वीस प्रोफाइल वाचायची, पदव्या पडताळायच्या, फी विचारायची, वेळ जुळवायची आणि शेवटी एका अनोळखी आवाजाला आपलं सगळं सांगायचं. पाय मोडलेल्या माणसाला आपण हॉस्पिटल शोधत हिंडायला सांगत नाही. म्हणून हे काम मी माझ्याकडे घेतलं. आमचं ठरलं ते असं: शोधायचं मी, निवडायचं त्याने. मी कुणालाही त्याच्या वतीने 'हो' म्हणायचं नाही.

आयुष्यभर भोसरीतल्या एका कारखान्यात मी हिशेब तपासले. कागद पडताळायची सवय इथे उपयोगाला आली.

नेटवर 'ऑनलाइन थेरपिस्ट' असं शोधलं की हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. समुपदेशक, लाइफ कोच, हीलर, सर्टिफाइड अमुक, इंटरनॅशनल तमुक. एका ठिकाणी तीन सेशनमध्ये नैराश्य मुळासकट घालवण्याची हमी होती. ते पान मी तिथेच बंद केलं. खरं म्हणजे कायद्याने या क्षेत्राच्या कडा बऱ्याच काळापर्यंत नीट आखलेल्या नव्हत्या. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. औषध डॉक्टरच देऊ शकतो आणि त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ही परिषद १९९२च्या कायद्याने चालते आणि नोंदणी क्रमांक मागितला तर खरा माणूस तो लगेच देतो. समुपदेशकांमध्ये मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलीही आहेत. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक येतात. पण आज रात्री अकरा वाजता फोनवर शोधणाऱ्या बार्शीच्या मुलाला यातलं काय ठाऊक असणार?

मी प्रत्येकाला तेच विचारत गेले. शिक्षण काय, कुठे झालं? नोंदणी आहे का? तुमच्या कामावर देखरेख कोण करतं? मराठीत बोलाल का? फी किती, ऐनवेळी पाळी बदलल्यामुळे तास रद्द करावा लागला तर काय? एखाद्या रात्री फार वाईट वाटलं तर तुम्हाला फोन चालतो का, नसेल तर कुणाला करायचा? फी कुठे हजार, कुठे दीड हजार, कुठे अडीच. देखरेखीच्या प्रश्नावर काही जण चिडले. जे चिडले नाहीत त्यांची नावं मी वहीत ठेवली.

त्यातल्या एका बाईंचं मला फार कौतुक वाटलं. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, झोप किती दिवसांपासून गेली आहे, वजन किती उतरलं आहे? आणि म्हणाल्या, "माझ्याकडे घेऊन येऊ नका असं नाही, पण आधी मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन तपासून घ्या. औषधाची गरज असेल आणि मी नुसती बोलत राहिले, तर त्याचे महिने वाया जातील." हातात आलेलं काम अशा रीतीने दुसरीकडे पाठवणाऱ्या माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

आम्ही चिंचवडला जाऊन डॉक्टरांना भेटलो. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी त्याला एकट्याला आणि मग आम्हा दोघांना असं दोनदा सांगितलं. खाजगी डॉक्टर परवडत नसतील त्यांच्यासाठी आपल्या भागात सांगवी फाट्याजवळचं औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे टिंगलीत घेतलं जातं. तिथे बाह्यरुग्ण विभागात रोज साधी, नोकरदार माणसं येऊन औषध घेऊन जातात, हे त्या टिंगल करणाऱ्यांनी एकदा जाऊन बघावं.

गोळ्या लागू पडायच्या आधीचे दिवस सगळ्यांत कठीण होते. एका रात्री तो गॅलरीत उभा होता आणि मला ते उभं राहणं आवडलं नाही. मी १४४१६ लावला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक फोनवर येतो. आम्हाला एक मुलगी भेटली, आवाजावरून तिशीच्या आतली. तिने त्याला आडवळण न घेता विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का?" माझ्या पोटात गोळा आला. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात येतो, ही आपल्याकडची जुनी भीती आहे आणि ती खोटी आहे; या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात की सरळ विचारल्याने माणसाला उलट हायसं वाटतं. तो काय म्हणाला ते त्याचं आहे. बोलणं बराच वेळ चाललं. तिने त्याच्याकडून उद्या सकाळी काय करायचं ते ठरवून घेतलं आणि मला गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात ठेवायला सांगितलं. हा नंबर आमच्या लिफ्टमध्ये आता लावलेला आहे, पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाच्या शेजारी.

मग थेरपी. त्या बाईंकडेच, व्हिडिओवर. त्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात. पावसाळ्यात ताथवड्याच्या भुयारी मार्गात पाणी भरलं की वाकडपर्यंत जाणं हेच एक काम होऊन बसतं; पुण्यात डेक्कनला जाऊन तासभर बसून परत यायचं म्हणजे बदलत्या पाळीच्या माणसाची अर्धी सुट्टी गेली. पडद्यावरची थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकी लागू पडते का, हा ताईचा प्रश्न होता. नैराश्य आणि चिंतेसाठी बहुतेक अभ्यासांत फरक फारसा आढळलेला नाही. आणि ही कल्पना करोनाने काढलेली नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये १९५९ साली डॉक्टरांनी टीव्हीच्या दुतर्फा जोडणीवरून समूहाला मानसोपचार दिले, आणि पुढे १९६४मध्ये शंभराहून अधिक मैल दूर असलेल्या नॉरफोकच्या सरकारी मनोरुग्णालयाला आपली संस्था जोडली. तिथेही कारण हेच: तज्ज्ञ शहरात, माणसं लांब. आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, जाहीर झाली.

पहिल्या तासाची सुरुवात त्याने मला सांगितली, तेवढी सांगते. बाईंनी आधी विचारलं, "आत्ता नेमके कुठे आहात? पत्ता सांगा." दर वेळी त्या हे विचारतात, काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना माहीत हवं. मग जवळच्या माणसाचा नंबर घेतला, माझा. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी या नंबरवर फोन करीन, हे आधीच सांगून ठेवलं. आणि गाडीत बसला आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "गाडी बंद आहे ना? एक काच बोटभर खाली घ्या. रेंज गेली तर मी साधा फोन लावीन, तुम्ही धावपळ करू नका." त्या बोटभर काचेने त्याचा विश्वास बसला, असं तो म्हणतो. नवीन माणसाने आपल्या श्वासाची काळजी घेतली.

इंग्रजीतून बोलणारा एक थेरपिस्ट त्याने त्याआधी कंपनीच्या योजनेतून गाठला होता. माणूस वाईट नव्हता. पण इंग्रजीत भाचा स्वतःबद्दल कारखान्यातल्या रिपोर्टसारखं बोलायचा: प्रॉब्लेम, कारण, उपाय. सगळं बरोबर आणि कोरडं. या बाईंशी तो बार्शीच्या बोलीत बोलतो. तिथे त्याला त्याचे आजोबा भेटतात, दुष्काळाचं एक वर्ष भेटतं, वडिलांनी विकलेली म्हैस भेटते. बाराशे रुपयांच्या तासात म्हशीवर बोलण्यात वीस मिनिटं गेली, म्हणून तो आधी ओशाळला होता. बाईंनी ती वीस मिनिटं महत्त्वाची मानली.

कंपनीच्या योजनेचंही सांगायला हवं. हिंजवडी-चाकणच्या अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना काही तास मोफत देतात. बहुतेक पोरं ते वापरत नाहीत. "एचआरला कळेल," एवढंच म्हणतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात दवाखान्यात दाखल न होता दर आठवड्याला बोलण्यासाठी जे पैसे जातात ते बहुतेकांचे खिशातूनच जातात. आणि गुप्ततेचं कलम कितीही चांगलं असलं तरी अप्रेझलच्या महिन्यात माणूस कलमाकडे बघत नाही, साहेबाच्या चेहऱ्याकडे बघतो. कंपन्यांनी हा करार पूर्णपणे बाहेरच्या संस्थेकडे द्यावा, आपल्याला फक्त किती तास वापरले गेले एवढा आकडा कळावा, आणि हे प्रत्येक पाळीला मराठीत, हिंदीत, तोंडी समजावून सांगावं. ठेका पद्धतीने काम करणाऱ्या पोरांना तर ही योजना लागूच नसते. लाइनवर त्यांचाच भरणा जास्त.

या सगळ्याच्या आधी, मला कळायच्याही आधी, तो रात्री एका चॅटबॉटशी बोलत होता. कळलं तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं, रागही आला, पण ते समजून घ्यावंसं वाटतं. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो थेरपिस्टसारखे प्रश्न विचारायचा, म्हणजे तुमचंच वाक्य उलटून तुमच्याकडे परत द्यायचा. वायझेनबाउम यांनी पुढे सांगितलं आहे की त्यांची सेक्रेटरी, जिने त्यांना महिनोन्‌महिने हा प्रोग्राम लिहिताना पाहिलं होतं आणि त्यात काही नाही हे जिला पुरतं ठाऊक होतं, तिने थोडा वेळ त्याच्याशी टाइप केल्यावर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम यांना यंत्राच्या भुलीची धास्ती वाटली. मला त्या गोष्टीत ती बाई दिसते. तिला बोलायचं होतं आणि त्यासाठी खोली रिकामी हवी होती. यंत्र पहाटे तीनला जागं असतं, फी मागत नाही, आईला सांगत नाही, म्हणून पोरं तिकडे जातात. पण गॅलरीतल्या त्या रात्री सरळ विचारणारं, गोळ्यांचं पाकीट मावशीच्या कपाटात ठेवायला लावणारं माणूस हवं होतं, आणि ते माणूसच होतं.

तो आता बरा आहे का, असं मला विचारलं जातं. झोपतो. बस चुकत नाही. मधे एकदा सगळं सोडून द्यायचं म्हणाला होता, बाईंनी तेही तासात बोलायला घेतलं. तास आता पंधरा दिवसांतून एकदा असतो. ताईला हे ठाऊक आहे. स्थळं बघणं तिने थांबवलेलं नाही, पण मुलाला विचारून बघते.

आमच्या गेटवर रात्रीचा सुरक्षारक्षक परभणीकडचा आहे. बारा तासांची ड्यूटी, मग पुनावळ्यात पत्र्याच्या खोलीत पाच जणांबरोबर झोप. त्याचा लहान भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला, कसा गेला ते त्याने मला सांगितलं. लिफ्टमधला १४४१६ त्याने पाहिला आहे. "लावला असता ताई," तो म्हणाला, "पण बोलू कुठं? केबिनला काच आहे. कुणीपण येतंय. साहेब लोकांच्या गाड्या हायेत." आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचंही तेच. त्यांच्या घरात ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस समोरच बसलेला असतो. नेट सगळ्यांकडे आहे, स्वस्त आहे, रेंजही बहुतेक ठिकाणी पोचली. भिंती नाहीत. अर्ध्या तासापुरतं आतून लावता येईल असं एक दार नाही. ऑनलाइन उपचार घरोघरी पोचले असं सांगितलं जातं, तेव्हा ते गाडी असलेल्यांच्या घरोघरी पोचलेले असतात.

आमच्या क्लबहाउसच्या मागे एक खोली आहे, आठ बाय दहा. मोडका टेबल टेनिसचा टेबल आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल तिथे पडलेला असतो. गेल्या सभेत मी सुचवलं, की ती खोली रिकामी करावी, आत दोन खुर्च्या, पंखा, वायफाय, आतून कडी. ज्याला तासभर फोनवर बोलायचं असेल त्याने वापरावी: सभासद, भाडेकरू, त्यांच्याकडे राहणारी पोरं, सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या बायका, सगळ्यांनी. सभेत बरंच बोलणं झालं. खोलीचा गैरवापर होईल, असं एक काका म्हणाले. बाहेरच्यांना वायफाय कशाला, असं दुसऱ्यांनी विचारलं. सातव्या मजल्यावरच्या एका आजींनी, ज्या सभेत कधी तोंड उघडत नाहीत, खोली सकाळीही उघडी ठेवणार का एवढंच विचारलं. शेवटी टेबल भंगारात द्यायला मंजुरी मिळाली आणि पुढचं पुढच्या सभेवर गेलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना तिथे नोंदवही हवी आहे: नाव, फ्लॅट नंबर, कारण, वेळ. मला ती नको आहे. किल्ली गेटवर खिळ्याला टांगलेली असावी, जो नेईल त्याने परत आणावी, बस्स. महापालिकेच्या अभ्यासिका गावोगावच्या मुलांसाठी रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. प्रत्येक अभ्यासिकेत अशी एक खोली निघू शकते, तसं पत्र मी 'ड' क्षेत्रीय कार्यालयाला लिहिलं आहे आणि त्यावर आमच्या विंगमधल्या बऱ्याच जणांच्या सह्या आहेत. सभा पुढच्या रविवारी सकाळी अकराला आहे. भाच्याची त्या दिवशी सुट्टी आहे आणि तो म्हणतो, नोंदवहीच्या मुद्द्यावर तो स्वतः बोलणार आहे.